पोरके

"सर, मग रोज टेस्टिंग पावडर खाल्ली तर मार्क वाढतील का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि रक्षिता उभीच राहिली. शेजारी रम्या वेणीची रिबन दातांत धरून हसू कोंडत होती. पैज तिचीच होती: धैर्य असेल तर विचारून दाखव, शाळेसमोरच्या गाडीवर एक प्लेट गोबी मंचुरी माझ्याकडून. गाडीवरचा माणूस कढई उतरवता उतरवता चिमटीनं जी पांढरी भुकटी टाकतो ती टेस्टिंग पावडर, आणि ती म्हणजे ग्लुटामेटच, असं रम्याच्या केमिस्ट्री शिकणाऱ्या भावानं सांगितलं होतं. आता तोच शब्द समोरच्या पडद्यावर, स्लाइडच्या पिवळट उजेडात, हातभर अक्षरांत उभा होता. मेंदूतली एक पेशी दुसरीला हाक मारते ती ग्लुटामेटच्या तोंडून, असं शाळेत व्याख्यानाला आलेले डॉक्टर उमाकांत सर पाचच मिनिटांपूर्वी म्हणाले होते. मग प्रश्नात हसण्यासारखं काय होतं? पण तीनशे मुली हसल्या. मागच्या बाकांवरून सुरू झालेलं हसू पुढं आलं, पहिल्या रांगेतल्या मिसांपर्यंत पोचलं, आणि कौशल्या मिसनी हसणं गिळून डोळे वटारले. सरही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की पोटात गेलेली पावडर मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, मध्ये कडक पहारा असतो, तेव्हा ह्या मुलीनं गोबी मंचुरी कमी खावी आणि अभ्यास जास्त करावा. परत हशा. रक्षिता बसणारच होती, पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं. चष्मा नाकावर चढवत ते अगदी सहज म्हणाले, "आणि जास्त ग्लुटामेट हे काही चांगलं नसतं बरं का. स्ट्रोक होतो ना, रक्त थांबतं, तेव्हा हेच होतं. हाक मारणारं ग्लुटामेट पुरासारखं वाहतं आणि त्याच पुरात पेशी मरतात. नेक्स्ट स्लाइड."

नेक्स्ट स्लाइड! जणू बसचा पुढचा स्टॉप. रक्षिता बाकावर बसली खरी, पण आत कुठंतरी ती उभीच होती. तिच्या मानेमागं, वेणी सुरू होते त्या जागी, एक कंगवा सरकला आणि थांबला. आठ महिने झाले, ती जागा अजून तशीच होती. त्या सकाळी अक्का तिची वेणी घालत होती. अक्का म्हणजे अप्पांची, रक्षिताच्या वडिलांची, थोरली बहीण, सोयराबाई; अप्पांची अक्का म्हणून घरादाराची अक्का. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर पस्तीस वर्षं ऑपरेटर. पाच भाषांत "होल्ड ऑन" म्हणायची आणि अर्ध्या बेंगळुरूचे नंबर तिला वही न उघडता येत. तीन पेड हातात, दोन झाले, तिसरा वर चढतोय, आणि रक्षिता पुटपुटतेय, "अक्का, लौकर कर ग, बस जाईल." तेवढ्यात हात सैल झाला. कंगवा फरशीवर पडला. पेड आपोआप सुटत गेले, मानेवरून खाली, एक एक, आणि तिला वाटलं अक्का मुद्दाम थांबली, रुसली. ती वळली सुद्धा नाही. "काय ग, घाल की!" असं म्हणाली. किती सेकंद? दहा? पंधरा? त्या पंधरा सेकंदांत तिच्या पाठीमागं, वीतभर अंतरावर, पूर वाहत होता, हाकांचा पूर, आणि ती आरशात स्वतःची रिबन बघत होती. हे आज कळतंय! आठ महिने डॉक्टर, नर्सा, स्कॅन, फायली, आणि एकानंही घरच्यांना बसवून सांगितलं नाही की आत नेमकं काय झालं. पंधरा वर्षांच्या मुलीला ते एका प्लेट गोबीच्या पैजेतून कळावं. सरांच्या तोंडून, हसण्याच्या शेपटीला लागून.

पडद्यावर आता पेशीच्या कातडीचं चित्र होतं आणि त्यात दारं. सर सांगत होते आणि रक्षिता असं ऐकत होती जसं तिनं दहावीत आजवर काहीच ऐकलं नव्हतं. एक दार साधं. ग्लुटामेट आलं की उघडतं. दुसऱ्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं. नुसती हाक आली तर ते बूच हलत नाही. पण त्याच क्षणी पेशी आतून आधीच जागी असेल, दुसऱ्या कुठल्या वाटेनं खळबळलेली असेल, तर बूच उडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि मग त्या जागी आणखी साधी दारं येऊन बसतात. पुढच्या वेळी हाक हळू आली तरी ऐकू येते. "दोन गोष्टी," सर दोन बोटं वर करून म्हणाले, "एकाच वेळी. हाक आणि जाग. शिकणं म्हणतात ते हेच." रक्षिताच्या डोळ्यांसमोर अक्काची खोली आली. दर बुधवारी स्पीच थेरपिस्ट वल्लरीताई, मूळच्या पुण्याच्या, येऊन चित्रांची कार्डं दाखवायच्या. "हे काय आहे? काकू, इकडे बघा, हे काय आहे?" हाक होती. जाग कुठं होती?

व्याख्यान संपल्यावर ती पळालीच. रम्या मागून ओरडली, "गोबी नको का ग?" पण ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत फाटकापाशी पोचली तेव्हा सर गाडीत स्लाइडांचा डबा ठेवत होते. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, आणि मध्येच त्यांनी ड्रायव्हरला मराठीत "अरे, जपून" म्हटलेलं ऐकलं. तिला इतका आनंद झाला की सगळी मराठी एकदम बाहेर आली. "सर, तुम्ही मराठी? आम्ही पण! सर, माझ्या अक्काला स्ट्रोक झालाय, तिला सगळं ग्यापक आहे, पण तोंडात येत नाही. मेलेल्या पेशी परत येतात का?" सर थांबले. भुवया वर गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, हॉलमधलं.

"काय आहे म्हणालीस? ज्ञापक? अगं, मराठीत ज्ञापक म्हणजे वेगळंच काहीतरी. तुला आठवतं म्हणायचंय, लक्षात आहे म्हणायचंय. कुठली तू? इथलीच? तरीच. गोड आहे हं तुमचं मराठी, थोडं चुकीचं, पण गोड."

मग त्यांनी उत्तरही दिलं, आणि नीट दिलं. तेवढं तिनं नंतरही नाकारलं नाही. मेलेल्या पेशी येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. शब्द परत परत कानावर पडले पाहिजेत, माणूस जागं असताना, त्याला हवे असताना, त्याचेच शब्द. आणि गाडी गेली. रक्षिता धुरात उभी. त्याचेच शब्द! आणि हे सांगणाऱ्या माणसानं तिचा एक शब्द ऐकून लगेच फुली मारली होती. प्रश्न काळजाचा होता आणि त्यांनी आधी स्पेलिंग तपासलं. गोड! लाडू आहे का ती? तीनशे वर्षं ह्या गावात जो शब्द तिच्या घरातली माणसं बोलत आली, तो चुकीचा कसा होतो? कुणाच्या वहीत? राग आला, पण त्याच्या मागोमाग दुसरी एक गोष्ट येत होती, थंडगार. फुली. हा माणूस एका मिनिटात एक फुली मारतो. वल्लरीताईंनी तर अक्काची पन्नास कार्डांची परीक्षा घेतलीय.

घरी, गवीपुरापर्यंत, ती चालतच गेली. रम्या बरोबर होती आणि बडबडत होती, पण रक्षिताला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. इस्पितळातली परीक्षा कन्नडमध्ये होती तेव्हा आईच भांडली होती, की मातृभाषेत झाली पाहिजे, आमची मातृभाषा मराठी आहे. आईनंच ओळखीतून वल्लरीताईंना शोधलं. आई पुण्याची, लग्न होऊन इथं आली. अठरा वर्षं झाली तरी तिची मराठी पहिल्या दिवशीच्या साडीसारखी घडीत होती. कात्री म्हण, कत्तरी नाही. खिडकी म्हण, किटकी काय? रक्षितानं ते सगळं म्हटलं होतं, आनंदानं म्हटलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत पुण्या-मुंबईच्या मुली अक्काच्या "स्वल्प सरका ग" ला खिदळल्या, तेव्हा कोपऱ्यात नेऊन तिनंच अक्काला सांगितलं होतं, "अक्का, इथं तू गप बस, प्लीज." अक्का गप बसली होती. संध्याकाळभर. मांडीवर हात ठेवून. आता ती नेहमीचीच गप बसली होती आणि त्या दोन गप्पपणांच्या मध्ये कुठंतरी एक वाट होती. रक्षिताला ती दिसू नये असं वाटत होतं आणि दिसत होती.

घरी आई-अप्पा कामावरून यायचे होते. अक्का किटकीशी खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. पलंगाखाली तिची बॅग, अर्धी भरलेली. रविवारी तिला मारतहळ्ळीकडच्या नव्या लेआउटमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात न्यायचं ठरलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी वल्लरीताईंचा टाइप केलेला रिपोर्ट आला, आणि त्यातल्या एका वाक्यानं सगळं ठरवलं. ते वाक्य रक्षिताला पाठ होतं: "रुग्ण 'पोरके' हा शब्द वारंवार व रडून उच्चारतात, घरात पोरकेपणाची तीव्र भावना दिसते, समवयस्कांच्या सहवासात ठेवणे हितावह." अप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि जेवले नव्हते. अप्पा सहा वर्षांचे असताना आईबाप गेले. अक्कानं लग्न केलं नाही, बोर्डावर रात्रपाळ्या केल्या आणि भावाला पोरकं होऊ दिलं नाही. तिला त्याच्या घरात पोरकं वाटावं? ते अक्काला विचारायला गेलेच नाहीत. माणूस असं विचारतं का? दुसऱ्या दिवसापासून त्यांना तिच्या डोळ्यांत बघताच येईना, आणि चौथ्या दिवशी आश्रमाचा फॉर्म आला.

फाइल कपाटावर होती. रिपोर्टच्या मागं टाचणीनं लावलेली उत्तरपत्रिका, वल्लरीताईंच्या हाताची, झेरॉक्स. ती कुणी उघडलीच नसावी. डावीकडं नुसते आकडे, मध्ये अक्कानं काय म्हटलं ते, उजवीकडं खूण. पन्नासातले अकरा. सरावासाठी ठेवलेल्या कार्डांचा गठ्ठा रक्षितानं फरशीवर ओतला आणि पाठचे नंबर जुळवायला लागली. तीन नंबर: "कत्तरी", फुली, शेरा "उच्चार बिघडलेला". कार्ड कात्रीचं. सात नंबर: "किटकी", फुली, तोच शेरा. आठ नंबर: "कोडे", फुली, शेरा "चित्र रुग्णास कोडे वाटते". तिनं आठ नंबर उलटलं. छत्री. छत्री! कोडे म्हणजे छत्रीच की, कन्नडात, ह्या घरात, ह्या गल्लीत, पावसात ज्याच्या-त्याच्या तोंडात! ती हसली, मोठ्यानं, एकटीच, आणि अक्कानं खुर्चीतून मान वळवली. पंधरा: "एणी". शिडी. बरोबर! एकोणीस: "तेंगिनकाय". नारळ. बरोबर, बरोबर! तिचा आवाज चढत होता, ती एकेका कार्डावर फाटकन हात आपटत होती, "हे बघ अक्का, हे पण बरोबर होतं!" आणि मग तेवीस नंबर आला. मध्ये लिहिलं होतं: "पोरके (तीनदा)". शेऱ्यात तेच टाइप झालेलं वाक्य, कच्चं. तिनं कार्ड हातात घेतलं. उलटायच्या आधीच तिला कळलं होतं. मग उलटलं.

झाडू.

काळ्या रेघांत काढलेला, दोरीनं बांधलेला, एक साधा झाडू. कामवालीला रक्षिता स्वतः रोज सांगायची, पोरके दाराआड ठेव. रोज! आणि रिपोर्टात तोच शब्द वाचून ती रडली होती, अप्पा जेवले नव्हते, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार? कागदावरची मराठी म्हणजे आईची मराठी. कागदावर ह्या घरातला शब्द कधी आलाच नव्हता, तर तो तिथं ओळखू कसा यावा? राग नेमका कुणावर धरावा ते तिला कळत नव्हतं. वल्लरीताईंवर? त्या बिचाऱ्या खाली वाकून, अक्काचा हात धरून म्हणाल्या असतील, पोरकं वाटतं का काकू तुम्हाला? आणि अक्काला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, कुणीतरी आपला शब्द आपल्याला परत दिलेला ऐकून किती आनंद झाला असेल! पोरके, पोरके, चित्रावर बोट ठेवून, पोरके, हो ग बाई, कळलं एकदाचं, पोरके. आणि रडली असेल. ते रडणं त्यांनी रिपोर्टात लिहिलं.

ती उठली. रिबन सोडली, कंगवा घेतला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा अक्काच्या पायांशी पाठ करून बसली. पेड स्वतःच पाडले आणि एक अक्काच्या डाव्या हातात दिला. हात आधी नुसता पडून राहिला. मग बोटं केसांत वळली, जड, वाकडी, पण वळली. अक्काचा श्वास मानेवर आला, खोबरेल तेलाचा तोच वास. जाग, रक्षिता मनात म्हणाली. आता हाक. खांद्यावरून मागं तिनं कार्ड धरलं. "अक्का, हे काय ग?" "को...डे." "हे?" "कत्त...री." एकेका शब्दाला वेळ लागत होता; अक्काच्या घशात काहीतरी वर चढायचं, घसरायचं, परत चढायचं; त्या वेळात रक्षिता न वळता, न घाई करता बसून राहिली, बस जाईल असं न म्हणता. चुकलेली कार्डंही होती. वाघाला अक्का कुत्रा म्हणाली, घड्याळ आलंच नाही, बदकाला नुसती हसली. रक्षितानं ती प्रामाणिकपणे बाजूला ठेवली. शेवटी तेवीस. "पोरके," अक्का एका दमात म्हणाली, आणि केसाला हलकाच हिसका दिला, पूर्वी नीट बस म्हणून द्यायची तसा.

साडेसहाला आई-अप्पा आले. आईनं पर्स ठेवली, चहाचं आधण चढवलं, आणि बाहेर येऊन बघते तर जेवणाच्या टेबलावर, धुतलेल्या प्लास्टिकच्या कव्हरवर, मधोमध झाडू.

"रक्षिता! वेड लागलंय का तुला? जेवायच्या टेबलावर केरसुणी?"

"बस आई. अप्पा, तुम्ही पण बसा."

"आधी ती उचल."

"उचलते. आई, काय म्हणालीस तू ह्याला?"

"केरसुणी! नाहीतर काय?"

"अप्पा, तुम्ही काय म्हणता?"

अप्पा दमले होते. शर्टाचं वरचं बटण काढत, झाडूकडं नीट बघतही नव्हते. "काय ग हे? पोरके की. उचल की ते पोरके, तुझी आई..."

आणि थांबले. हात बटणावर तसाच राहिला. रक्षितानं तेवीस नंबरचं कार्ड झाडूच्या शेजारी ठेवलं, आणि त्याच्या शेजारी उत्तरपत्रिका. आईनं आधी वाचली. तिचे ओठ हलले, "पोरके (तीनदा)", मग तिनं कार्ड उलटलं, पाठचा नंबर बघितला, परत उलटलं. स्वयंपाकघरात आधण उकळून उकळून आटत चाललं होतं, ते बंद करायला कुणी गेलं नाही. "मी तर मातृभाषेत व्हावी म्हणून..." आई एवढंच म्हणाली. अप्पा आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होते, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. दारातून अक्काची खुर्ची दिसत होती, आणि पलंगाखालून थोडी ओढून काढलेली बॅग. रिकामी. तिच्यातली लुगडी परत कपाटात, वेडीवाकडी कोंबलेली.

"चौतीस," रक्षिता म्हणाली. "अकरा नव्हे, चौतीस. सोळा चुकली, ती खरंच चुकली, मी लिहून ठेवलीत." अर्धीच घातलेली, वाकडी वेणी तिच्या खांद्यावर होती आणि ती सोडून नीट घालायचा तिचा अजिबात विचार नव्हता. "मी ठरवलंय. विचारत नाही, सांगतेय. अक्का ह्या घरातनं हलायची नाही. माझी वेणी तीच घालणार, रोज, बस गेली तर जाऊ दे. आणि वल्लरीताईंना बोलवा. परीक्षा परत होणार, आपल्या भाषेत, आणि ह्या खेपेला प्रश्न मी विचारणार. ग्यापक ठेवा."